नेम चुकतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘कविता लिहिणारा माणूस मुलांना रायफल कशी काय शिकवतो?’ असं मला पुष्कळदा विचारलं जातं. आज कवितेपेक्षा या शिकवण्याबद्दलच बोलायचं आहे. कारण मी प्रशिक्षक झालो तो नेमबाजीच्या आवडीपायी जितका, तितकाच विद्यार्थी म्हणून आलेल्या वैतागापायी.

बीए करताना मी एनसीसीत होतो. पोटावर झोपून पॉइंट टू-टू रायफलने पाच गोळ्या झाडायच्या. माझ्या पाचही गोळ्या उजव्या अंगाला, एकमेकींना चिकटून पडत. त्यावर शिकवणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असे, ‘श्वास रोख, लक्ष दे!’ मी श्वास रोखत होतो, लक्षही देत होतो. गोळ्या उजवीकडेच का जातात, हे विचारलं की ओरडा बसे. पुढे नोकरी लागल्यावर फी भरून एका क्लबात गेलो. तिथे प्रशिक्षक पदकं आणणाऱ्या दोन-तीन मुलांमागे उभे असत. बाकीच्यांनी कागदाला भोकं पाडून घरी जायचं.

त्याच काळात मी गझल शिकत होतो. उस्तादाने शागिर्दाचा शेर दुरुस्त करून देण्याला उर्दूत ‘इस्लाह’ म्हणतात. माझे उस्ताद नुसतं ‘जमलं नाही’ म्हणून वही परत करत नसत. मात्रा कुठे कमी पडली, काफिया कुठे ढळला, ते शब्दावर बोट ठेवून दाखवत. नेमबाजीत अशी इस्लाह का नसावी, असं मनात येई.

ती असते, हे पुढे कळलं. गोळ्या एकाच जागी दाटीने पडतात याचा अर्थ हात स्थिर आहे. मग दोष साइटमध्ये तरी असतो, नाहीतर शरीराच्या ठेवणीत. ठेवण तपासणं सोपं आहे. नेम धरून डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. रायफल लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर ती हाताने ओढून आणायची नाही. सगळं शरीर थोडं फिरवून घ्यायचं. ओढून आणलेली रायफल चाप दाबताना आपल्या मूळ दिशेला परत जाते. माझ्या पाच गोळ्यांचं कोडं एवढंच होतं.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. आपण उजव्या किंवा डावखुऱ्या हाताचे असतो, तसा एक डोळाही वरचढ असतो. घरी करून पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा आणि तिच्यातून भिंतीवरचं घड्याळ पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ खिडकीतच दिसतं, तो तुमचा वरचढ डोळा. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा डोळा वरचढ असेल, तर नेम धरताना गोंधळ होतो. त्यावर डाव्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावता येते किंवा रायफलचा खांदा बदलता येतो.

या बारकाव्यांना महत्त्व का? दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो; छर्रा साडेचार मिलिमीटरचा. इतक्या सूक्ष्म कामात ‘लक्ष दे’ या सल्ल्याचा काय उपयोग?

क्लबात मी आधी लक्ष्याचे कागद बदलले, छर्रे मोजून दिले, प्रशिक्षकांच्या शिबिरांना बसलो. मग नवशिक्यांची तुकडी माझ्याकडे आली. नववीतली एक मुलगी ‘मला जमतच नाही’ म्हणून सोडून निघाली होती. तिचा डावा डोळा वरचढ निघाला. पट्टी लावली, आणि ती टिकली. तिला पदक मिळालं नाही; पण दोष आपल्यात नाही हे तिला कळलं, आणि ती हसू लागली.

शिकवण्याची ही ताकद महाराष्ट्राने पाहिली आहे. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या दोघी 2004च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. शिरूर यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखरा हिने 2021 मध्ये टोकियो पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच्या घडणीत देशपांडे यांचा वाटा आहे.

पण माझ्या लेखी पदकाहून मोठी गोष्ट सुरक्षिततेची आहे. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि प्रत्येक रायफल भरलेलीच आहे असं समजायचं. रायफल ठेवताना नळीतून रंगीत दोरी आरपार घालायची, म्हणजे ती रिकामी असल्याचं दुरूनही दिसतं. हे नियम पाठ करून घेता येतात. पण रायफल अडकली, काही समजलं नाही, तर ओरडा बसेल या भीतीने गप्प राहणारा विद्यार्थी नियम पाठ असूनही धोक्याचा असतो. हाती शस्त्र आहे आणि तोंड उघडायची चोरी आहे, यासारखी वाईट जोडी नाही.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी कुणाच्या हाती रायफल देत नाही. त्या दिवशी मुलांनी फक्त प्रश्न विचारायचे. जो सगळ्यात जास्त विचारतो, त्याला दुसऱ्या दिवशी पहिली पाळी मिळते.