परीक्षेआधीचे चाळीस दिवस आणि आपले घर

मंगळवेढ्याचे नाव निघाले की लोकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ज्वारीचा. येथील काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही ज्वारी ज्यांच्या हाताने काढली जाते, त्या हातांच्या घरात फेब्रुवारी-मार्च महिन्यांत काय चालते, हे कोणी विचारत नाही. आई पहाटे भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि दिवस उगवायच्या आत रानात पोहोचते. बापही काढणीला, नाही तर मळणीवर. कोणी ऊसतोडीला गेलेला असतो, तो अजून परतलेला नसतो. दिवेलागणीला माणसे घरी येतात तेव्हा अंगात उभे राहण्याचे त्राण नसते. आणि नेमक्या ह्याच दिवसांत घरातल्या तिसरीच्या, चौथीच्या, पाचवीच्या लेकराची परीक्षा दारात येऊन उभी असते!

सुगी आणि परीक्षा एकाच वेळी येतात. सुगीची तयारी सगळे घर करते. परीक्षेची तयारी मात्र त्या आठ-दहा वर्षांच्या पोराने एकट्याने करायची. हे बरोबर आहे काय? आज आम्हाला ह्याच प्रश्नावर समाजबांधवांशी बोलायचे आहे.

काही जण म्हणतील, आता प्राथमिकच्या परीक्षेचे एवढे काय? आठवीपर्यंत कोणाला नापास करतच नाहीत! हा समज आता जुना झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद होती, हे खरे. परंतु २०१९ साली केंद्राने त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पाचवी आणि आठवीच्या वर्गांसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. त्या परीक्षेत मूल नापास झाले तर पुनर्परीक्षेची संधी आहे. तेथेही अडले तर मूल त्याच वर्गात राहणार. ह्या नियमाचा पहिला फटका कोणाला बसेल? ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत त्याला नाही. ज्याच्या घरी पुस्तक उघडून शेजारी बसायला कोणाला सवड नाही, त्या लेकराला बसेल. आणि पाचवीत मागे राहिलेली पोरगी पुढे शाळेत किती दिवस टिकते, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

पास-नापास बाजूला ठेवू. मुळात आपल्या लेकरांना वाचता येते काय? ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून देशभरातील खेड्यांत होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी ४९ च्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित शंभरातल्या ३१ च्या आसपास मुलांनाच जमले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीच्या बाकावर बसलेली आहेत, पण दुसरीच्या धड्याशी अडखळत आहेत!

हे दुखणे आजचे नाही. १२ मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. शाळेत पाऊल टाकलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू, असे त्यांनी सरकारला बजावले. आणि लगेच हिशेब मांडला, की शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत पडतात. त्या काळी मूल शाळेबाहेर पडून निरक्षर होत होते. आज मूल शाळेत बसूनही निरक्षर राहू शकते. फरक एवढाच! त्या ८२ जणांत कोणाची लेकरे होती, हे आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच्याही आधी, १८८२ साली महात्मा जोतिराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. आणि त्या शिक्षणात पहिल्याने काय असावे? मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता येणे आणि हिशेब! वाचन आणि हिशेब ह्या दोन गोष्टी जोतिरावांनी आधी मागितल्या, कारण कुळकर्ण्याच्या दप्तरापुढे आणि सावकाराच्या वहीपुढे शेतकरी कशामुळे नागवला जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आजही सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मजुरीचे हजेरीपत्रक ही सारी त्याच दोन विद्यांची परीक्षा घेत असतात.

तेव्हा एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट करतो. शिकवणे ही शाळेची आणि शासनाची जबाबदारी आहे. ती आईबापाच्या गळ्यात घालून कोणाला मोकळे होता येणार नाही. शिक्षक कमी असतील, एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळत असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीत बसून जाब विचारलाच पाहिजे. पण शासन जागे होईपर्यंत आपल्या लेकराचे वर्ष थांबत नाही. म्हणून घराने आपले काम केले पाहिजे.

घराचे काम म्हणजे काय, हे पाहायचे तर परळच्या चाळीतली ती एक खोली आठवावी. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच माणसे निजणार. सुभेदार रामजी लहानग्या भीमरावाला रात्री लवकर झोपायला लावत. स्वतः दोन वाजेपर्यंत जागत. सगळी चाळ शांत झाली की मुलाला उठवत आणि अभ्यासाला बसवत. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला, तर ते विवाहित लेकीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून परत करत. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांना शिकवता येत होते, हे खरे. पण दोन वाजेपर्यंत जागायला मुख्याध्यापक असावे लागत नाही. त्याला बाप असावे लागते!

शाळेत काय होत होते? एकदा गुरुजींनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गात एकच गलका उठला. फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुले धावली. डबे आधी हलले, गणित मग सुटले. अशा शाळेतून १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. कारण शाळेने जे हिरावले, ते घराने रात्री जागून भरून काढले होते.

“आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?” हे उत्तर आम्ही पुष्कळ घरांत ऐकतो. त्या माऊल्यांना आम्ही मंगळवेढ्याचीच आठवण देतो. ह्याच गावात १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. चोखोबा, सोयराबाई, निर्मळाबाई, बंका, कर्ममेळा ह्या साऱ्या घराला शब्दांची केवढी जाण होती! पण परंपरा सांगते, की चोखोबांचे अभंग अनंतभट्ट लिहून घेत. शब्द आपले आणि लेखणी दुसऱ्याच्या हाती! बुद्धी होती, अक्षर मिळू दिले नव्हते. आज अक्षर मिळते आहे. ते वाया जाऊ द्यायचे काय?

आता कामाचे बोलू. परीक्षेला चाळीस दिवस असतील तर रोज चाळीस मिनिटे काढा. वीस वाचनाला, वीस गणिताला. टीव्ही आणि मोबाईल तेवढा वेळ बंद.

प्रथम मूल कोठे अडते ते पाहा. त्याला अक्षरे ओळखता येतात काय? सुटे शब्द? चार ओळींचा परिच्छेद? की अख्खी गोष्ट? जेथे अडते तेथूनच सुरुवात करा, मग ते कितवीतही असो. पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचायला देण्यात लाज नाही. न वाचता पुढे ढकलण्यात लाज आहे.

वाचन मोठ्याने करून घ्या. पुष्कळ मुले धडा पाठ म्हणतात आणि आपल्याला वाटते, वाचतो आहे. म्हणून मधल्याच ओळीवर बोट ठेवा, चित्र हाताने झाका, शेवटच्या ओळीकडून वर वाचायला सांगा. खरे काय ते लगेच कळते. आजीला अक्षर येत नसेल तरी तिला कान आहेत. भाकरी करता करता ती म्हणू शकते, “वाच की बाळा मोठ्यानं, आम्हाला बी कळू दे. मग पुढं काय झालं?” मूल सांगू लागले तर त्याला समजले. अडखळले तर पुन्हा वाचू द्या. जोडाक्षराशी अडले तर तो शब्द वेगळ्या कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. घरात येणारे हे वर्तमानपत्रही चालेल. त्यातली मोठ्या अक्षरांची एक बातमी रोज मुलाने वाचायची आणि घराने ऐकायची.

गणिताचे तर आपल्या घरात भांडारच आहे. कडब्याच्या पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा. मग शंभर पेंढ्यांचे पाचुंदे किती? सात पाचुंदे आणि वर तीन पेंढ्या, तर एकूण किती? हा पाचाचा पाढाही झाला आणि भागाकारही. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण. मग अडीच मणाचे शेर किती? आईची आठवड्याची मजुरी, किराण्याचे बिल, एसटीचे तिकीट हे सारे मुलाकडून मांडून घ्या.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. ती २०२५ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भाजीचा हिशेब तोंडी चोख करणारी ही मुले तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर आली की अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या पण बाजार न केलेल्या मुलांची गत उलटी होती. ह्यातून काय घ्यायचे? आपले लेकरू ‘ढ’ नाही! त्याच्या डोक्यातला हिशेब वहीवर उतरत नाही, एवढेच. म्हणून पाचुंद्याचा हिशेब तोंडी झाला की लगेच तोच पाटीवर मांडून घ्या. तोंडी आणि लेखी यांची गाठ घालणे, हेच ह्या चाळीस दिवसांचे काम.

मुले हमखास कोठे चुकतात, तेही सांगतो. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. म्हणून मूल ६३ ऐवजी ३६ लिहिते. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा धर्तीचे वाचन दिले, तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला! पण अडचण खरी आहे. घरात दोन्ही म्हणा. ‘त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन.’ दुसरी अडचण हातच्याच्या वजाबाकीची. ज्वारीच्या धाटाचे बोटभर तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधा. ४२ मधून १७ काढायचे, तर सुटे दोनच आहेत. मग एक जुडी सोडा, सुटे बारा झाले. मुलाने स्वतःच्या हाताने जुडी सोडली की हातचा त्याला जन्मभर विसरणार नाही.

आणि मारू नका. परीक्षेच्या नावाने भिववू नका. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाचा राग लेकरावर निघतो, हे आम्ही समजू शकतो. पण मार खाल्लेले मूल वही लपवायला शिकते, गणित शिकत नाही.

आता चळवळीतल्या तरुणांना दोन शब्द. सगळ्याच घरांना हे जमणार नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल मार्चमध्ये फडावरून परत येते, त्याचे अर्धे वर्ष कोपीत गेलेले असते. त्याच्यासाठी वस्तीने उभे राहिले पाहिजे. २००१ नंतरच्या काही वर्षांत मुंबई आणि वडोदऱ्यात ‘बालसखी’ उपक्रम चालला. दहावी-बारावी शिकलेल्या वस्तीतल्याच मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवत. त्या मुलांची प्रगती झाल्याचे पुढे अभ्यासाने सिद्ध झाले. दहावी-बारावी झालेल्या मुली-मुले आपल्या कोणत्या वस्तीत नाहीत? विहार आहे, समाजमंदिर आहे, वीज आहे. संध्याकाळी सात ते आठ तेथे सतरंजी अंथरायला किती खर्च येतो?

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये आपल्याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलाला अभ्यासाला जागा आणि सोबत मिळाली पाहिजे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. २०२५ साली राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल ह्या काळात ठेवल्या गेल्या. म्हणजे १४ एप्रिल बरोबर परीक्षेच्या मधोमध! जयंती दणक्यात व्हावी, ह्यात वाद नाही. पण ज्या घरात दोन वाजता उठून अभ्यास झाला, त्या घराच्या लेकराची जयंती वस्तीतल्या पोराचा उद्याचा पेपर बुडवून साजरी करायची काय? जयंती मंडळांनी रात्री स्पीकर लवकर बंद करावा आणि वर्गणीतला थोडा भाग पाट्या, वह्या आणि गोष्टींच्या पुस्तकांसाठी काढावा. मिरवणुकीत किती माणसे होती ह्याबरोबर, यंदा वस्तीतली किती मुले न अडखळता वाचू लागली, हाही आकडा मंडळाने फलकावर लिहावा.

ज्वारी भरली की पाखरे उडवायला माळ्यावर माणूस बसतो. कारण दाणे गेले तर वर्ष गेले. आपले लेकरूही आता दाण्यावर आले आहे. आज संध्याकाळी भाकरी झाल्यावर चुलीशेजारी पुस्तक उघडा आणि लेकराला एवढेच म्हणा, “वाच, मी ऐकते.”

जयभीम!