तुरुंगातल्या बापाचे घर

या लेखातली माहिती कोणाच्याच घरी उपयोगी पडू नये, अशी आमची इच्छा आहे. तरीही वाचा, आणि घरातल्या आजीला व सुनेलाही वाचून दाखवा. कारण वेळ आली म्हणजे सारी धावपळ त्यांच्याच वाट्याला येते.

खेड्यातला तरुण तुरुंगात जातो तो दर वेळी अट्टल चोर-दरोडेखोर म्हणून नव्हे. बांध हातभर सरकला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, शेजाऱ्याचे ढोर उभ्या कपाशीत शिरले, सणाच्या दिवशी पिऊन शब्दाला शब्द वाढला, आणि हातात विळा नाहीतर कुऱ्हाड होतीच. राग थोड्या वेळाने उतरतो, पण तोवर समोरचा माणूस जमिनीवर पडलेला असतो.

जळगावला लागून असलेले असोदा घ्या. भरताच्या वांग्यांसाठी नाव असलेले गाव, बहिणाबाई चौधरींचे माहेर. ही गोष्ट असोद्यातच घडली असे नाही, पण तिथे किंवा तुमच्या गावात उद्या घडू शकेल. पंचवीस वर्षांचा तरुण. बायको बावीस-तेवीसची, पोरगे नुकतेच चालू लागलेले. दोन एकर काळी जमीन, तीही त्याच्याच नावावर. सोसायटीचे कर्ज अंगावर. आणि एके दिवशी पोलिसांची गाडी दारात उभी राहते.

पहिले काही दिवस गाव गोळा होते. मग तारखा सुरू होतात. वकिलाची फी, जाण्यायेण्याचे भाडे. आरोपी जळगावच्या जिल्हा कारागृहात कच्चा कैदी म्हणून बसलेला असतो. घरात दीर-सासऱ्यांचे तोंड फिरते. सून पोराला कडेवर घेऊन माहेरी जाते, ती तिथलीच होते. शेत पडीक राहते, नाहीतर मिळेल त्या बटाईने जाते. दोन-चार वर्षांनी निकाल लागला, मोठी शिक्षा झाली, की त्याची रवानगी नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात. तो सुटून येईल तेव्हा कुलपाला गंज चढलेला असतो. असा माणूस पुन्हा वाईट वाटेला लागला तर सगळे म्हणतात, तो होताच तसा. आम्हांला हे पटत नाही. शिक्षा त्याला झाली, पण मोडले घर. आणि परतायला घर नसेल तर माणूस सुधारून जाणार कुठे?

हा प्रश्न आपल्याच मुलखातल्या एका छोट्या संस्थानाने १९३९ साली हाती घेतला होता. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून जुन्या मंडळींना ते माहीत असतील. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर, या दोघांनी राजांपुढे एक विलक्षण कल्पना मांडली. फ्रिडमन गांधीजींच्या विचारांनी भारावलेले, अंगात खादी, भारतानंद हे नाव घेतलेले. धनुष तकली हे सुताचे साधनही त्यांनीच तयार केले. कल्पना अशी, की खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी बेड्या काढून उघड्या माळावर आणायचे, त्यांना जमीन कसायला द्यायची, आणि मुख्य म्हणजे त्यांची बायकामुले त्यांच्याजवळ राहू द्यायची. राजांनी होकार दिला. आटपाडीजवळ वसाहत उभी राहिली, तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. तुरुंगाला हे नाव देणाऱ्यांच्या धीराचे कौतुक वाटते.

आटपाडी हा कमी पावसाचा, कायम दुष्काळाचा तालुका, आज सांगली जिल्ह्यात. तिथली जमीन म्हणजे आपल्या तापीकाठची काळी माती नव्हे. तरी त्या माळावर कैद्यांनी विहिरीच्या पाण्यावर शेती केली. भोवती उंच भिंत नाही. पळून जायचे ठरवले तर कोणीही जाऊ शकेल. पण चुलीपाशी बायको आहे, अंगणात पोर खेळते आहे, वाफ्यात भाजी आली आहे. हे टाकून माणूस पळेल कुठे?

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, पण वसाहत मोडली नाही. ती राज्याच्या कारागृह खात्याकडे आली आणि खुली वसाहत म्हणून चालत राहिली. शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तणुकीने भोगलेल्या कैद्यांतून निवड होते आणि निवडलेले कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. मात्र तिथे घरे मोजकीच आहेत. सर्वांना तिथे जागा मिळेल असे समजू नका.

या वसाहतीवरून माडगूळचे कवी ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. तो बर्लिनच्या महोत्सवात गौरवला गेला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो तंबूत, नाहीतर पुढे टीव्हीवर पाहिला असेल. सहा कैदी, एक जेलर, माळरानावर पिकवलेली भाजी आणि बाजारातले व्यापारी. चित्रपट उत्तमच आहे, पण एक गोष्ट मनात येते. पडद्यावर कैदी सुधारतात ते जेलरच्या दोन डोळ्यांच्या धाकाने आणि मायेने. खऱ्या स्वतंत्रपुरात ते काम पुष्कळसे बायकामुलांनी केले. जेलरसाहेब तर बदलून जातात.

सगळ्यांना स्वतंत्रपूर मिळणार नाही, हे खरे. मग निदान आपले घर उभे ठेवण्यासाठी कायद्याने जे दिले आहे ते तरी मागून घ्यायला हवे. यातले पुष्कळ कोणी आपणहून सांगत नाही.

सर्वांत आधी वकील. पैशासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला, तसेच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. फुकटचा वकील नीट काम करत नाही, असे पारावर ऐकू येते. पण गहाण टाकून केलेला वकीलही तारखेला गैरहजर राहिल्याची उदाहरणे त्याच पारावर ऐकू येतात.

आरोपी एकवीस वर्षांच्या आतला असेल तर १९५८ चा परिवीक्षा कायदा विसरू नका. आपल्याकडे लग्ने लवकर होतात, त्यामुळे या वयाचे बापही असतात आणि आयाही. ज्या गुन्ह्याला जन्मठेप नाही, अशा गुन्ह्यात या वयाच्या मुलाला तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो, आणि तुरुंगातच का पाठवतो याची कारणे लिहायची असतात. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडता येते. एकवीस वर्षांवरच्यालाही, गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल तर, ही सवलत न्यायालय देऊ शकते. अहवालासाठी अधिकारी गावात चौकशीला येतो, तेव्हा सरपंच आणि शेजारी काय सांगतात याला किंमत असते. त्या दिवशी घराला कुलूप नको.

कच्च्या कैद्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगली तरतूद आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ तो आत राहिला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्याला हे लागू नाही. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकाने करायचा असतो, पण दिवस मोजायचे काम घरच्यांनीही करावे.

आणि आरोपी आईच असेल तर? बायकांच्या बाबतीत गंभीर गुन्ह्यातही जामिनाचा वेगळा विचार करण्याची मुभा न्यायालयाला आहे. जामीन झालाच नाही तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली, १३ एप्रिलला दिलेल्या निकालात सांगितले आहे, की असे मूल म्हणजे कैदी नव्हे; त्याला वेगळा आहार, औषधपाणी, पाळणाघर हवे. शक्य तर बाळंतपण तुरुंगाबाहेरच्या दवाखान्यात व्हावे, आणि मूल तुरुंगात जन्मलेच तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचे नाव येता कामा नये. जन्मभर शाळा-कचेऱ्यांत दाखवायचा तो कागद. दाखला हातात पडल्यावर तेवढी ओळ नीट वाचून घ्या.

आता शेताचे. सातबारा त्याच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, आणि सही करणारा आत. इथे बहुतेक घरे अडकतात. कोणी दूरचा भाऊबंद ‘मी पाहतो’ म्हणतो आणि मग खरेच पाहत बसतो. याला उपाय आहे. त्याने बायकोच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यावे. नोंदणी कायद्यात तुरुंगातल्या माणसाला निबंधकाच्या कचेरीत हजर राहण्यापासून सूट आहे. अधिकारी तुरुंगात जाऊन त्याचा जबाब घेऊ शकतो. अर्ज अधीक्षकांमार्फत करायचा. पत्र मोघम नको. पीककर्ज, विमा, अनुदान, माल विकणे, कोर्टाचे काम हे लिहा, आणि जमीन विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. सासू-सासऱ्यांना हे आवडणार नाही कदाचित. पण सुनेच्या हातात कागद असला की ती माहेरी जायची थांबते, आणि नातू तुमच्याच अंगणात वाढतो.

शिक्षा झाल्यावर संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल, हे दोन शब्द पक्के ध्यानात ठेवा. फर्लो ठराविक शिक्षा भोगल्यावर, वर्तणूक पाहून मिळते. पॅरोल कारण पाहून मिळतो : जवळच्या माणसाचा मृत्यू, मुलाचे किंवा भावंडाचे लग्न, घरात गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, पूर, आग, घर पडणे. कोणत्या गुन्ह्यातल्या कैद्याला कोणती रजा नाही, याचेही नियम आहेत. ते तुरुंग कचेरीत विचारावे. गावाकडून पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि पुष्कळदा अर्ज तिथेच अडतो. रजेवर आलेला माणूस ठरल्या दिवशी परत पोचलाच पाहिजे, मग कापूस वेचणीला आलेला असो की पोर तापाने फणफणत असो. तो चुकला तर पुढच्या रजाही जातात आणि शिक्षेतली माफीही. घरच्यांनीच त्याला गाडीत बसवून द्यावे.

मधल्या काळात भेट चालू ठेवा. जाळीपलीकडून, फोनवरून, आता व्हिडिओवरूनही भेट होते. राज्यातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रमही होत आला आहे. त्या दिवशी मुलांना बापाच्या मांडीवर बसता येते. मुलाला काय सांगायचे, हा अवघड प्रश्न. ‘बाबा मुंबईला नोकरीला आहेत’ हे गावात चार दिवसही टिकत नाही. वर्गातला एखादा पोरगा भांडणात खरे सांगून टाकतो. त्यापेक्षा आजीने किंवा आईने आपल्या तोंडाने, त्याच्या वयाला झेपेल एवढे सांगावे. अशा मुलांना बाल संगोपन योजनेतून मदत मिळू शकते का, याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करता येते. त्याच खात्याचे परिवीक्षा अधिकारीही तिथे भेटतील.

बांधाच्या पलीकडेही एक घर आहे, हे विसरून चालणार नाही. तिथेही तरुण बाई आणि लहान पोर असेल, आणि तिथला माणूस कोणत्याच रजेवर घरी येणार नाही. पीडितांना भरपाई मिळवून देण्याची सोय त्याच विधी सेवा प्राधिकरणात आहे. कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली म्हटले आहे. समोरच्या घराला तो अर्ज करायचे सुचेलच असे नाही. दोन्हीकडे ऊठबस असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने ते सांगावे. माफी मागायला मात्र उतावळेपणाने जाऊ नका. खटला चालू असताना तर नाहीच, कारण त्याला साक्षीदारावर दबाव म्हटले जाऊ शकते.

सुटकेची तारीख तुरुंगातून कळते. माफीचे दिवस वजा होऊन ती कागदावरच्या शिक्षेपेक्षा अलीकडे येते. त्या दिवशी दरवाजाशी घरचा माणूस हवा. मित्रमंडळी नकोत, हारतुरे तर मुळीच नकोत. नाशिक रोडहून रेल्वेने जळगाव, तिथून असोदा काही लांब नाही. हिवाळ्याचे दिवस असले तर वांग्यांची तोडणी चालू असेल. दुसऱ्या दिवसापासून त्याला तोडणीला लावा. बाजारात माल घेऊन मात्र सुरुवातीचे काही दिवस भाऊ किंवा मेहुणा जाऊ द्या, कारण तिथे विचारणारे फार भेटतात. पोर पहिल्या दिवशी जवळ येणार नाही. त्याला ओढून मांडीवर बसवू नका. बापाला वाफ्यात काम करू द्या आणि पोराला बांधावर खेळू द्या. पाण्याचा तांब्या त्याच्याच हातून पाठवा.