फेकलेल्या माशांचा हिशेब

बाजारात आलेला मासा मोजलेला असतो. बंदरावर त्याचा लिलाव होतो, वजन होते, सरकारी वहीत त्याची नोंद जाते. पण त्याच जाळ्यात आलेला आणि बंदरापर्यंत न पोचलेला मासाही असतो. कुणी फार लहान, कुणाला भाव नाही, कुणाला विकायला कायद्याने मनाई. तो बोटीवरूनच परत पाण्यात जातो, बहुतेक वेळा मेलेला किंवा मरणाला टेकलेला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी अशी फेकली जाते. म्हणजे पकडलेल्या दर दहा किलोंमागे एक किलोहून थोडी अधिकच.

फेकली तर फेकली, तिचा हिशेब कशाला, असे कुणी विचारील. समुद्रात मासा किती उरला आणि पुढच्या वर्षी किती पकडावा, हे शास्त्रज्ञ ठरवतात ते किती मासे मेले यावरून. फेकलेले मासे त्यात धरले नाहीत, तर सगळे गणितच चुकते. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर १९९२ साली कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो माणसे बेकार झाली. बेसुमार मासेमारी हे त्याचे मोठे कारण. पण समुद्रात फेकलेल्या लहान कॉडची नोंदच नीट झाली नव्हती, हेही अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले.

मग ही नोंद करायची कोणी? प्रत्येक बोटीवर निरीक्षक पाठवणे परवडत नाही. शिवाय निरीक्षक उभा असला की माणसे थोडी वेगळी वागतात. म्हणून नेदरलँड्समध्ये २००९ पासून काही बोटींवरच्या खलाशांनाच हे काम सोपवले गेले. या बोटी उत्तर समुद्रात तळ खरवडणारी जाळी ओढतात. सोल आणि प्लेस हे चपटे मासे, म्हणजे आपल्या लेपीचे लांबचे भाऊबंद, हे त्यांचे मुख्य उत्पन्न.

काम सोपे वाटते, पण त्यात शिस्त लागते. नमुना कोणत्या ओढीतून घ्यायचा हे आधी ठरलेले असते. चांगली दिसेल ती ओढ निवडायची नाही. जाळे वर आले की एकूण मासळी किती याचा अंदाज लिहायचा. विकायची मासळी निवडून तिचे वजन लिहायचे. उरते ती टाकाऊ. तिच्यातून खोके भरायचे, तेही एकदम नाही. निवड सुरू होताना थोडे, मध्ये थोडे, शेवटी थोडे. कारण ढिगात लहानमोठे मासे सारखे पसरलेले नसतात. वरवरचे उचलले तर नमुना खोटे बोलतो. मग खोक्यावर तारीख आणि ओढीचा क्रमांक लिहून ते थंड कोठीत ठेवायचे.

बंदरावरून खोके प्रयोगशाळेत जाते. तिथे जात वेगळी करून एकेक मासा मोजतात. समजा, एका ओढीत १००० किलो मासळी आली, ३०० विक्रीला ठेवली, ७०० टाकाऊ निघाली. नमुना ७० किलोंचा घेतला आणि त्यात २७ सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे विक्रीला मनाई असलेले, २०० प्लेस निघाले. नमुना दहावा हिस्सा; तेव्हा त्या ओढीत असे २००० प्लेस आले असावेत. अशा अनेक ओढींवरून सगळ्या ताफ्याचा अंदाज बांधतात. काही फेऱ्यांना निरीक्षकही जातात आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहिले जातात.

या सगळ्या गणिताच्या मुळाशी एक माणूस आहे. झोप अपुरी, हात गारठलेले, बोट डोलते आहे. त्याने लहान मासे खोक्यातून हळूच वगळले, तर ते कुणाला कळणार? आणि खरे लिहिले, तर उद्या तेच आपल्यावर उलटेल ही धास्तीही असते. युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने ठराविक जातींचे मासे समुद्रात फेकायला बंदी केली. काही सवलती ठेवल्या, तरी धास्ती वाढलीच. शास्त्रासाठी लिहिलेले दंडासाठी वापरणार नाही, एवढा भरवसा नसेल तर वही भरेल, पण खरी भरणार नाही.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पिल्ले वाचावीत हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही. आसाची भोके बारीक असतील, तर लहान पापलेट वर येणारच. बंदरावर ते दिसणार नाही, एवढेच. ते जाळ्यात आलेच नाही की वाटेत पाण्यात गेले, हे तांडेल आणि खलाशी यांनाच ठाऊक. त्यांना दटावून ते कळायचे नाही. त्यांच्या हाती खोके आणि वही द्यावी, त्यांच्या वेळेचे मोल द्यावे, आणि मोजणीतून काय निघाले ते त्यांनाच आधी सांगावे. समुद्राचा हिशेब खरा हवा असेल, तर त्याची सुरुवात बोटीवरच व्हायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)