सँटाचा 'क्लॉज' कळला का?

डिसेंबर अर्धा सरलाय. लंडनच्या क्लायंटचा कॉल संपता संपता तिकडून कुणीतरी विचारतं, 'सँटाच्या मदतनिसांना काय म्हणतात? सबॉर्डिनेट क्लॉजेस!' तिकडे हशा, इकडे म्यूट. इंग्रजी फर्डं असूनही जोक डोक्यावरून जातो आणि उगाचच आपण 'बाहेरचे' वाटायला लागतो. पण बॉस, यात हुशारीचा प्रश्न नाही. शाळेतला श्लेष आठवा. 'जीवन' म्हणजे पाणी आणि आयुष्यही. इथेही तेच. 'क्लॉज' हे सँटाचं आडनाव आणि व्याकरणातलं उपवाक्यसुद्धा. सबॉर्डिनेट म्हणजे गौण, हाताखालचा. पेटली ट्यूब?

स्पेलिंग विसरा
इंग्रजी श्लेष कानासाठी असतो, आपण मात्र तो स्पेलिंगमध्ये शोधतो. म्हणून शब्द चक्क देवनागरीत लिहा. 'स्ले' म्हणजे सँटाची घसरगाडी. 'स्ले' म्हणजे ठार मारणं आणि आजच्या भाषेत एकदम भारी दिसणंही. मगवरच्या 'स्ले ऑल डे'चा अर्थ आता लागला ना? 'यूल' हे ख्रिसमसचं जुनं नाव, तर 'यू विल'चं छोटं रूपही 'यूल'च.

तोडा, जोडा
'रेनडिअर' तोडा: 'रेन, डिअर', म्हणजे 'पाऊस येतोय गं!' कार्डावर ए ते झेड सगळी अक्षरं आहेत, फक्त एल गायब? 'नो एल', अर्थात नोएल, म्हणजे ख्रिसमस. एल्फ म्हणजे सँटाचे बुटके कारागीर. ते शाळेत काय शिकतात? 'एल्फाबेट'!

संदर्भ हवाच
मेंढीच्या चित्राखाली 'फ्लीस नाविदाद' दिसलं, तर 'फेलिझ नाविदाद' या स्पॅनिश शुभेच्छा माहीत हव्यात. होसे फेलिसियानोच्या १९७० च्या गाण्यामुळे त्या जगभर पोचल्या. फ्लीस म्हणजे मेंढीची लोकर. असा संदर्भ माहीत नसेल, तर बिनधास्त विचारा. समजावून सांगायला समोरच्याला आवडतंच.

हसू नका, कण्हा!
१८४० च्या दशकात लंडनचा मिठाईवाला टॉम स्मिथ याने ख्रिसमस क्रॅकर आणला. आजच्या क्रॅकरची दोन टोकं दोघांनी ओढली की फट् आवाज होतो. आतून कागदी मुकुट, छोटीशी भेट आणि जोकची चिठ्ठी निघते. तो जोक मुद्दामच पांचट असतो, म्हणजे टेबलावरचे सगळे एका सुरात कण्हतात. थोडक्यात, आपला पीजे! तेव्हा पुढच्या कॉलवर खोटं खोटं हसण्यापेक्षा कपाळाला हात लावून 'ओह नो!' म्हणा. अस्सल दाद तीच.