नाक्यावरचा क्रूस, द्रोणातले चणे

मे महिन्यात संध्याकाळी मुंबईत साकीनाक्याहून मरोळच्या दिशेला निघालं, की आधी मेट्रोच्या खांबांखालची रिक्षांची रांग लागते. मग खैरानी रोडकडून येणारे मालाचे टेम्पो, कारखान्यांतून सुटलेली माणसं, वडापावच्या गाड्या. या गर्दीतून वाट काढत गावठाणाच्या गल्लीत शिरलं की आवाज बदलतो. वळणावर कमरेएवढा ओटा असतो, त्यावर नुकताच चुना मारलेला दगडी क्रूस, क्रुसाला झेंडूच्या माळा, वर वायरीने लटकवलेली ट्यूबलाइट. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आज्या, कठड्यावर पोरं, मागे हात बांधून उभे पुरुष. एकजण म्हणतो, बाकीचे प्रतिसाद देतात. रोझरी संपते, मग लितानी, मग एखादं गाणं. तेवढ्यात एखादा स्कूटरवाला येतो, गाडी न थांबवता छातीला हात लावतो आणि पुढे जातो. तो ख्रिस्तीच असेल असं मात्र धरून चालू नये.

प्रार्थना संपली की मोठं पातेलं पुढे येतं. त्यात खोबरं घातलेले उकडलेले चणे असतात. ते द्रोणात घालून समोर येईल त्याला दिले जातात. देणारा नाव विचारत नाही, धर्म तर नाहीच. बाजूच्या चाळीतली पोरं या पातेल्याची वेळ घड्याळापेक्षा बरोबर ओळखतात.

कॅथलिक परंपरेत मे हा मरियेचा महिना. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ३ मे हा पवित्र क्रुसाचा सण. म्हणून मुंबईच्या जुन्या गावठाणांत, म्हणजे मरोळ, सहार, चकाला, बांद्रा, कुर्ला या पट्ट्यात, या दिवसांत क्रुसांपाशी माणसं जमतात. त्यांतले बरेच क्रूस १८९६ ला मुंबईत प्लेग शिरला त्या काळातले. माणसं पटापट मरत होती आणि औषध सापडत नव्हतं. तेव्हा गावकऱ्यांनी वेशीवर, विहिरीपाशी, तिठ्यावर क्रूस उभे केले आणि तिथे एकत्र प्रार्थना सुरू केली. साथ गेली, क्रूस राहिले. आजूबाजूची भातशेती गेली, विहिरी बुजल्या, सहारच्या शिवारात विमानतळ आला, तरीही क्रूस राहिले. चर्चमध्ये जाणं ही एका समाजाची बाब असते, तिठ्यावरचा क्रूस मात्र सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. या उपनगरात ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे जगणं म्हणजे काय, याचं पहिलं उत्तर असं रस्त्यावरच मिळतं.

हे क्रूस सांभाळणारा समाज म्हणजे ईस्ट इंडियन. नावावरून ते बंगालकडचे वाटतात, पण ते अस्सल उत्तर कोकणातले. घरात मराठीची बोली, जुन्या बायकांच्या अंगावर लुगडं, लग्नाच्या आदल्या दिवशी बँडबाजा लावून विहिरीवर ‘उंबराचं पाणी’ आणायला जायचं, आणि उन्हाळ्यात मसाला कुटून बाटल्यांत ठासायचा. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता. त्याच वर्षी या लोकांनी आपली संघटना काढली आणि ईस्ट इंडिया कंपनीशी नातं सांगणारं हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे त्यांना सरकारदरबारी ठसवायचं होतं. नाव परकं वाटणारं घेतलं आणि माणसं मात्र राहिली इथलीच, असा हा उलटा प्रकार.

त्यांच्या श्रद्धेचा एक जुना पुरावा साकीनाक्यापासून थोड्याच अंतरावर आहे, पण तो सहजासहजी पाहता येत नाही. सीप्झ या निर्यात वसाहतीच्या कुंपणाआत, निर्यातीच्या मालाच्या इमारतींमध्ये, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. हे चर्च १५७९ मध्ये पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी कोंडिवटे गावात बांधलं. १८४० च्या सुमाराला गावात साथ आली, लोक मरोळला सरकले, आणि चर्चही त्यांच्यामागून मरोळला गेलं. मागे भिंती राहिल्या आणि त्यांच्यावर झाडं वाढली. १९७३ मध्ये सीप्झ उभं राहिलं आणि चर्च कुंपणाआड गेलं. एरवी तिथे पास लागतो. मे महिन्यात सणाच्या मिस्सेसाठी मात्र गावकऱ्यांना आत सोडलं जातं. छप्पर नसलेल्या त्या भिंतींमध्ये, आजूबाजूला संगणक आणि हिऱ्यांचे कारखाने, आणि मध्ये पणजोबांच्या चर्चमध्ये उभी राहून प्रार्थना म्हणणारी माणसं! मुंबईत इतकं चमत्कारिक देवस्थान दुसरं नसावं.

हा इतिहास सांगताना एक गोष्ट लपवू नये. कोंडिवट्याचं चर्च बांधलं गेलं तेव्हा राज्य पोर्तुगीजांचं होतं. त्या काळच्या धर्मप्रसारामागे तलवारीची आणि जमीनजुमल्याची सावली होती. श्रद्धा वाटणं आणि श्रद्धा लादणं यांतली रेघ त्या काळात पुष्कळदा पुसली गेली. ‘मिशनरी’ म्हटलं की आजही अनेकांच्या कपाळाला आठी पडते ती याच आठवणीमुळे, आणि ती आठी अगदीच निराधार आहे असं म्हणता येत नाही.

पण त्याच काळाला दुसरी बाजूही आहे. ज्या १५७९ साली कोंडिवट्यात चर्चच्या भिंती चढत होत्या, त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. तो इथली भाषा शिकला, आणि नुसती शिकला नाही तर तिच्यावर लुब्ध झाला. १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. जवळपास अकरा हजार ओव्या! येशूची कथा त्याने लॅटिनच्या वेशात न आणता पुराणाच्या घाटात बसवली, कारण इथला माणूस कथा ऐकतो ती अशीच, हे त्याने ओळखलं होतं. भिंती आणि ओव्या एकाच पिढीच्या. भिंतींवर आज झाडं आहेत, ओव्या मात्र मराठीच्या अभ्यासक्रमात आहेत.

मराठीत श्रद्धा सांगण्याची सर्वांत विलक्षण गोष्ट घडली ती रेल्वेच्या डब्यात. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. सत्ताधाऱ्यांच्या जातीचा माणूस म्हटल्यावर टिळकांना उर्मटपणाची अपेक्षा होती, पण हा गृहस्थ अदबीने वागला. त्याने जागा करून दिली, काव्याच्या गप्पा काढल्या, टिळकांना त्यांचं मत विचारलं, आणि गप्पांच्या ओघात धर्माचा विषय निघाला. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली आणि वाचा म्हणाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नाव त्यांना कधीच कळलं नाही.

या एका निर्णयाची किंमत घरच्यांनी किती मोजली, ते पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या वर्षानुवर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्याच्याकडे परतल्या, आणि पुढे स्वतःच्या पायाने, स्वतःच्या वेळेला १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. श्रद्धा उघड करणं म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने प्रवचनांचे ग्रंथ बाजूला ठेवून आधी हे पुस्तक वाचावं. त्यात ना रडगाणं आहे ना जयघोष, आणि हसू मात्र पानोपानी आहे.

टिळकांनी पुढे अभंग रचले आणि ख्रिस्ती कीर्तनं केली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्ताला मानण्यासाठी माणसाने मिशनच्या आवारात राहायला यावं, ही कल्पनाच त्यांनी मोडायला घेतली होती. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता. येशूबद्दल मराठी माणसाशी बोलायचं तर कुठल्या आवाजात?

हा प्रश्न दिल्लीत घटना समितीपुढेही वेगळ्या रूपात आला. डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा ‘प्रसार’ हा शब्द असावा की नसावा यावर वाद रंगला. अखेर शब्द राहिला. अनुच्छेद २५ प्रमाणे प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात खुलासा केला की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगता येतील, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा काही मूलभूत हक्क नव्हे. म्हणजे सांगायचं आणि पुढचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोडायचा. या निकालावर टीकाही झाली. पण नाक्यावरच्या ख्रिस्ती माणसाचा रोजचा व्यवहार पाहिला तर तो बहुतेक या चौकटीतच चालतो, कायदा न वाचताही.

उदाहरणार्थ, राखेचा बुधवार. त्या दिवसापासून ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. सकाळच्या मिस्सेत फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात, आणि माणूस तसाच कामावर जातो. साकीनाक्याच्या गाळ्यात, काउंटरवर, मेट्रोच्या डब्यात दिवसभर कोणी ना कोणी म्हणतंच, ‘अहो, कपाळाला काहीतरी लागलंय.’ मग सांगावं लागतं. माती आहोत, मातीत जाणार, त्याची आठवण. ऐकणारा मान हलवतो, कारण ही गोष्ट त्याच्याही घरी वेगळ्या शब्दांत सांगितली जाते. पुढचे चाळीस दिवस डब्यात मटण का नाही, याचंही उत्तर त्याला मिळालेलं असतं. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात असाच सल्ला आहे. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे द्या. तिथे विचारणारा आधी येतो, हे महत्त्वाचं. रस्त्याच्या कडेला कर्णा लावून ओरडणाऱ्या उत्साही प्रचारकांना हे पत्र पुन्हा वाचायला द्यावंसं वाटतं.

नाताळात बोलावंही लागत नाही. कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटली जाळीदार रुमालाने झाकून शेजारी जाते. त्यात कलकल, नेवऱ्या, दुधाच्या वड्या, केकचा तुकडा. मराठी घरात ताटली रिकामी परत करत नाहीत, त्यामुळे तीच ताटली दिवाळीत चकल्या घेऊन येते. आता टॉवरमध्ये दारं बंद असतात आणि ताटली वॉचमनकडे ठेवावी लागते, ही तक्रार गावठाणातल्या बायका हमखास करतात.

सेवेचा भाग याहून मोठा. महाकाली गुंफांच्या रस्त्यावरचं होली स्पिरिट हॉस्पिटल सिस्टरांनी उभं केलं. रस्त्यावरच्या मुलांसाठीचं स्नेहसदन जेझुइटांनी १९६२ मध्ये अंधेरीत सुरू केलं. रुग्णालयाच्या भिंतीवर क्रूस असतो, पण खाटेवरचा रुग्ण बहुधा दुसऱ्याच धर्माचा असतो. त्याला बाप्तिस्म्याबद्दल विचारलं जात नाही, ताप किती आहे ते विचारलं जातं.

न बोलता दिलेल्या अशा साक्षीबद्दल एका पोपनेही लिहिलं आहे. पोप पॉल सहावे डिसेंबर १९६४ मध्ये युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या मेळाव्यासाठी मुंबईत आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. इथल्या भाषणात त्यांनी उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली, आणि जाताना आपल्या वापरातली मोटार मदर तेरेसांना देऊन गेले. अकरा वर्षांनी, १९७५ मध्ये, सुवार्तेबद्दल लिहिलेल्या पत्रात त्यांनी नोंदवलं की आजचा माणूस शिक्षकापेक्षा साक्षीदाराचं अधिक ऐकतो. मुंबईत त्यांनी काय काय पाहिलं असेल, असा विचार ते वाचताना मनात येतोच.

सगळं गोडच आहे असं नाही. २०१७ मध्ये बांद्र्याच्या बाजार रोडवरचा १८९५ चा क्रूस पालिकेने अनधिकृत ठरवून पाडला. तो खासगी जागेत आहे हे दाखवणारे जुने कागद लोकांनी काढले आणि मोठा गदारोळ झाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळालं, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. वसईच्या या माणसाने ‘हरित वसई’ची पर्यावरणाची लढाई लढली होती, ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षं चालवलं होतं आणि बायबल सोप्या मराठीत आणलं होतं. विरोधाला न जुमानता ते मराठीच्या व्यासपीठावर गेले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे एक टक्क्याहूनही थोडी कमी. एवढ्या छोट्या समाजातून मराठीला टिळक पतिपत्नी आणि दिब्रिटो मिळाले, हा हिशेब विरोध करणाऱ्यांनी एकदा मांडून पाहावा.

आणि वाचकांना जमलं तर एक करावं. पुढच्या मे महिन्यात संध्याकाळी मेट्रोने मरोळ नाक्याला उतरावं आणि गावठाणात चालत जावं. क्रूस कुठे आहे ते कोणीही सांगेल. प्रार्थना येत नसेल तर मागे उभं राहिलं तरी चालतं. द्रोण तिथेच मिळतो.