माय, माइन आणि हूज : प्रवासाच्या इंग्रजीचा पहिला धडा

शिष्यवृत्तीचा अर्ज, पासपोर्टचा अर्ज, परदेशी विद्यापीठाचा प्रवेश अर्ज. यांपैकी कोणताही कागद हातात घ्या. सुरुवातीलाच 'फादर्स नेम', 'मदर्स नेम' असे रकाने दिसतात आणि शेवटी 'ॲप्लिकंट्स सिग्नेचर'. म्हणजे इंग्रजीशी आपली पहिली गाठ पडते ती 'चा, ची, चे' इथेच. कोणाचे नाव, कोणाची सही, कोणाची बॅग, कोणाचे तिकीट, हे सांगता आणि समजता आले की प्रवासातले अर्धे काम होते. ते आले नाही तर माणूस स्वतःचीच वस्तू स्वतःची म्हणून सांगताना अडखळतो आणि समोरच्याला संशय येतो.

मराठी माध्यमात शिकून आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा परिषदेसाठी बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी आम्ही हा धडा लिहीत आहोत. यात तीन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत: मालकी दाखवणारे शब्द, प्रवासातले शब्द आणि उतारा वाचून उत्तर देणे. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत दिले आहेत, म्हणजे आधी ते तोंडात बसतील. स्पेलिंग वहीत स्वतः लिहून काढा.

मराठीची सवय कुठे आड येते

मराठीत आपण म्हणतो: माझा डबा, माझी बॅग, माझे तिकीट. वस्तू बदलली की शब्दाचा शेवट बदलतो. इंग्रजीत तसे होत नाही. 'माय टिफिन', 'माय बॅग', 'माय टिकेट'. वस्तू एक असो वा दहा, 'माय' तसाच राहतो. इथे इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे.

चूक होते ती 'हिज' आणि 'हर'मध्ये. 'त्याची' या शब्दाचे दोन तुकडे करून पाहा. 'त्या' हा तुकडा मालकाविषयी सांगतो आणि 'ची' हा तुकडा वस्तूविषयी. इंग्रजी फक्त पहिला तुकडा ठेवते. म्हणून 'सुनील त्याच्या आईबरोबर आहे' याचे इंग्रजी 'सुनील इज विथ हिज मदर' असे होते. आई स्त्री आहे म्हणून 'हर मदर' म्हणायचे नाही. विचारायचे ते एवढेच, की मालक कोण? सुनील. मग 'हिज'. मालक सविता असेल तर तिचा भाऊसुद्धा 'हर ब्रदर'.

दुसरी अडचण 'आपला' या शब्दाची. मराठीत तो तीन कामे करतो. 'साहेब, आपली बॅग' म्हणजे 'युअर बॅग'. 'चला, आपली गाडी आली' म्हणजे 'अवर ट्रेन'. 'ती आपले तिकीट दाखवते' म्हणजे 'शी शोज हर टिकेट'. म्हणून 'आपला' आला की थांबा आणि तो नेमका कोणाचा, हे आधी ठरवा. 'आमचा' आणि 'आपला' हा आपल्याकडचा फरकही इंग्रजीत नाही. दोन्हींना 'अवर'.

तिसरी गोष्ट 'माय' आणि 'माइन'ची. 'माय'नंतर वस्तूचे नाव यावेच लागते, 'माइन' एकटा उभा राहतो. 'धिस इज माय बॅग' आणि 'धिस बॅग इज माइन' या दोन्हींचा अर्थ एकच. याच जोड्या पाठ करा: युअर–युअर्स, हर–हर्स, अवर–अवर्स, देअर–देअर्स. 'हिज' मात्र दोन्हीकडे 'हिज'च.

चौथी गोष्ट 'आहे'ची. आपण म्हणतो: मला दोन बहिणी आहेत, माझ्याकडे पासपोर्ट आहे, माझ्याजवळ सुटे नाहीत. इंग्रजीत या सगळ्यांना एकच क्रियापद: 'आय हॅव टू सिस्टर्स', 'आय हॅव अ पासपोर्ट', 'आय डोन्ट हॅव चेंज'. 'तो' किंवा 'ती' असेल तर 'हॅव'चा 'हॅज' होतो: 'शी हॅज अ टिकेट'.

वर लटकणारा स्वल्पविराम

नावापुढे मालकी दाखवायची असेल तर नाव लिहून वर एक छोटा स्वल्पविराम आणि पुढे एस. या चिन्हाला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. प्रवासी एक असेल तर 'पॅसेंजर' लिहून चिन्ह आणि मग एस. प्रवासी अनेक असतील तर 'पॅसेंजर्स'मधला एस आधीच लिहिलेला असतो, त्याच्यानंतर फक्त चिन्ह. कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात, फरक कागदावर असतो. 'चिल्ड्रन' हा शब्द मुळातच अनेकवचनी आहे, त्यामुळे तिथे चिन्ह आधी आणि एस नंतर. आणि मालकी नसून नुसते अनेकवचन असेल, जसे 'टू टिकेट्स', तर चिन्ह अजिबात नको. दुकानांच्या पाट्यांवर ही चूक सर्रास दिसते.

उच्चाराचा नियमही सोपा आहे. नावाच्या शेवटी प, ट, त, क, फ असा आवाज असेल तर 'स': 'अमित्स बॅग'. शेवटी स, श, च, ज, झ असेल तर 'इझ': 'प्रकाशिझ बॅग'. बाकी सगळीकडे 'झ'च्या जवळचा आवाज: 'सुनील्झ बॅग'. मराठीत लिहिताना आपण 'फादर्स' लिहितो, बोलताना मात्र शेवट 'झ'कडे झुकू द्या.

दोन जागी हमखास घोटाळा होतो. 'त्याचे' या अर्थाचा 'इट्स' लिहिताना चिन्ह नसते. चिन्ह घातले की तो 'इट इज' होतो. तसेच 'कोणाचे' विचारणारा 'हूज' वेगळा आणि चिन्ह असलेला 'हूज', म्हणजे 'हू इज', वेगळा. दोन्हींचा उच्चार एकच.

निर्जीव वस्तूंसाठी नवशिक्यांनी 'ऑफ' वापरणे बरे: 'द नेम ऑफ द स्टेशन', 'द डोअर ऑफ द रूम'. काळवेळेला मात्र चिन्ह चालते: 'टुडेज ट्रेन', 'टुमॉरोज फ्लाइट'.

हे चिन्ह ओळखीच्या नावांतही सापडते. बाबासाहेब ज्या 'ग्रेज इन'मधून बॅरिस्टर झाले, त्या नावात ते आहे. लंडनमध्ये १९२१–२२ या काळात ते ज्या घरात राहिले आणि जे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, त्याचा पत्ता '१०, किंग हेन्रीज रोड' असा आहे. त्यातही ते आहे. पत्ता लिहिताना हे चिन्ह आठवले की नियमही आठवेल.

प्रवासातले शब्द

तिकीट, प्लॅटफॉर्म, बर्थ, वेटिंग हे शब्द आपले झालेच आहेत. त्यांच्या पुढचे शब्द प्रवासाच्या क्रमाने लक्षात ठेवा.

अर्ज भरताना: 'सरनेम' म्हणजे आडनाव आणि 'गिव्हन नेम' म्हणजे बाकीचे नाव. पासपोर्टच्या अर्जात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आधी स्वतःचे नाव आणि मग मधले नाव येते. आपल्याकडे मधले नाव बहुधा वडिलांचे असते, त्यामुळे गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवरचे नाव एकसारखे आहे का, हे अर्ज करण्याआधीच पाहा.

स्टेशनवर आणि विमानतळावर: 'अरायव्हल' म्हणजे येण्याची वेळ आणि 'डिपार्चर' म्हणजे सुटण्याची. 'डिलेड' म्हणजे उशीर, 'कॅन्सल्ड' म्हणजे रद्द, 'रिफंड' म्हणजे पैसे परत. 'विंडो सीट' खिडकीची, 'आइल सीट' मधल्या वाटेकडची. आइलच्या स्पेलिंगमध्ये एस आहे, पण तो बोलायचा नाही. 'लगेज' आणि 'बॅगेज' यांचे अनेकवचन होत नाही, म्हणून 'टू लगेजेस' नव्हे, 'टू बॅग्ज' म्हणा. सोबत नेतो ती 'केबिन बॅग', काउंटरवर देतो ती 'चेक्ड-इन बॅग' आणि ती परत मिळते ती जागा 'बॅगेज क्लेम'.

अधिकाऱ्यासमोर: 'पर्पज ऑफ व्हिजिट' म्हणजे येण्याचे कारण, 'लेंग्थ ऑफ स्टे' म्हणजे किती दिवस राहणार, 'स्पॉन्सर' म्हणजे खर्च कोण करणार. इथली उत्तरे छोटी आणि सरळ असावीत.

'हूज बॅग इज धिस?'
'इट्स माइन.'
'हू इज पेइंग फॉर युअर स्टे?'
'आय हॅव अ स्कॉलरशिप. हिअर इज माय लेटर.'

कुटुंबासोबत लुंबिनीला जातानाही हे उपयोगी पडते. लुंबिनी नेपाळमध्ये आहे. भारतीय नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्र जवळ हवे. सोबतच्या माणसांविषयी विचारले तर 'दे आर माय पेरेंट्स', 'शी इज माय ब्रदर्स वाइफ' असे नाते सांगता आले पाहिजे. 'वहिनी' या शब्दाला इंग्रजीत 'सिस्टर-इन-लॉ' म्हणतात, पण तोच शब्द मेहुणीलाही चालतो. नाते नेमके सांगायचे तर पुन्हा तोच लटकता स्वल्पविराम कामाला येतो.

उताऱ्यात जे आहे तेवढेच

आता वाचन. बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन इंग्रजीत आहे. इतर ग्रंथांच्या मानाने त्याची भाषा साधी आहे, आणि त्यातले कितीतरी प्रसंग प्रवासातलेच आहेत. शासनाने प्रकाशित केलेल्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेच्या १२ व्या खंडात ते आहे. त्यातल्या पहिल्या प्रसंगावरून आम्ही आमच्या शब्दांत हा उतारा तयार केला आहे. मोठ्याने वाचा आणि मालकीचा प्रत्येक शब्द अधोरेखित करा.

'इन १९०१ भीमराव वॉज अ स्कूलबॉय इन सातारा. हिज फादर्स जॉब वॉज इन कोरेगाव. भीमराव, हिज ब्रदर अँड अदर बॉइज ऑफ द फॅमिली टुक अ ट्रेन टू मसूर. नोबडी केम टू मीट देम. देअर लेटर वॉज विथ द फादर्स पीऑन, अँड ही फरगॉट इट. द स्टेशन मास्टर आस्क्ड अबाउट देअर कास्ट. द बॉइज आन्सर चेंज्ड एव्हरीथिंग. नो कार्टमन वॉन्टेड देम. ॲट लास्ट वन मॅन अग्रीड. हिज फेअर वॉज डबल. द बॉइज ड्रोव्ह हिज कार्ट, अँड ही वॉक्ड. दे हॅड फूड, बट दे गॉट नो वॉटर दॅट नाइट.'

अवघड शब्द फार नाहीत. 'फेअर' म्हणजे भाडे, 'कार्टमन' म्हणजे गाडीवान, 'ड्रोव्ह' म्हणजे हाकली, 'फरगॉट' म्हणजे विसरला.

खालील विधानांपुढे 'ट्रू', 'फॉल्स' किंवा 'नॉट गिव्हन' लिहा. परदेशी शिक्षणासाठी अनेकांना द्याव्या लागणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेत असेच प्रश्न येतात. तिथे वाचनासाठी ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात.

१. भीमराव्ज फादर वर्क्ड इन सातारा.
२. द कार्टमन्स फेअर वॉज डबल.
३. भीमराव्ज मदर वॉज इन कोरेगाव.
४. द पीऑन गेव्ह द बॉइज लेटर टू देअर फादर इन टाइम.

पहिले 'फॉल्स', कारण वडिलांची नोकरी कोरेगावला होती. दुसरे 'ट्रू'. चौथे 'फॉल्स', कारण शिपाई पत्र द्यायला विसरला.

तिसऱ्याचे उत्तर आपल्यापैकी बरेच जण 'फॉल्स' देतील. भीमाबाईंचे निधन त्याआधीच झाले होते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण उताऱ्यात आईचा उल्लेखच नाही, म्हणून उत्तर 'नॉट गिव्हन'. बाबासाहेबांविषयी आपल्याला उताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते आणि नेमके तिथेच गुण जातात. परीक्षक तुमचे ज्ञान विचारत नाही, समोरच्या कागदावर काय लिहिले आहे ते विचारतो. ही सवय परीक्षेपुरती नाही. शिष्यवृत्तीची जाहिरात, भाडेकरार, नोकरीचे पत्र वाचतानाही कागदावर काय आहे आणि आपण मनाने काय धरून चाललो आहोत, हे वेगळे करता आले पाहिजे.

आणखी एक युक्ती. 'हिज', 'देअर', 'इट' असा शब्द आला की बोट मागे न्या आणि तो कोणासाठी आला आहे ते शोधा. 'देअर लेटर' कोणाचे? मुलांचे. 'हिज कार्ट' कोणाची? गाडीवानाची. 'हिज फादर्स जॉब'मधला 'हिज' कोणाचा? भीमरावांचा. एवढे जमले की उतारा समजला.

आठवड्याचा सराव

एकट्याने करण्यापेक्षा विहारात किंवा अभ्यासिकेत चार-पाच जण मिळून करा. पहिले दोन दिवस घरातल्या वस्तूंवर 'हूज इज धिस?' विचारा आणि 'माय–माइन'च्या जोड्यांनी उत्तर द्या. तिसऱ्या दिवशी आपल्या कुटुंबावर दहा वाक्ये लिहा, प्रत्येकात एक नाव आणि ॲपॉस्ट्रॉफी हवी. चौथ्या दिवशी कोणताही कोरा अर्ज घेऊन तो इंग्रजीत भरा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. पाचव्या दिवशी एकाने अधिकारी व्हा, दुसऱ्याने प्रवासी. सहाव्या दिवशी वरच्या उताऱ्यावर स्वतः तीन नवीन प्रश्न काढा, त्यांतला एक 'नॉट गिव्हन' असलाच पाहिजे. सातव्या दिवशी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'चे पहिले पान मुळातून वाचा. प्रत्येक शब्द कळला नाही तरी चालेल, कोणाचे काय आहे हे कळले पाहिजे.

१९०१ मध्ये त्या मुलांकडे पैसे होते, चांगले कपडे होते, जेवणाचे डबे होते. तरीही पाणी मिळाले नाही, कारण स्टेशनवर त्यांची जात विचारली गेली. आज काउंटरवर आपल्याला विचारतात ते नाव, कागद आणि कारण. ही तीनही आपली आहेत. ती आपली आहेत हे सांगताना भाषेपायी आवाज खाली जाऊ नये, एवढ्यासाठी हा सराव करायचा आहे.