दोन म्हशींचे यंत्र

“सर, मॅक घेऊ का विंडोज?”

प्रश्न विचारणारा माझा जुना विद्यार्थी. मराठी घेऊन बी.ए. झाला आणि आता कामशेत-वडगाव भागात लग्नांची छायाचित्रे व चित्रफिती करतो. श्रावणातली संध्याकाळ होती. लोणावळ्यात हातभर अंतरावरचे दिसू नये असे धुके दाटले होते आणि हा लोकलने भिजत आला होता. मी म्हटले, “अरे, मी मराठीचा प्राध्यापक. मला ऱ्हस्व-दीर्घ विचार!”

एवढ्यात त्याच्या मागे दारात उभे असलेले त्याचे वडील टोपीचे पाणी झाडीत म्हणाले, “सर, दोन दुभत्या म्हशी इकायला काढल्यात. एकीत भागंल का दोन्ही जातील, तेवढं सांगा.”

आता थट्टा करून चालण्यासारखे नव्हते. मी चहा टाकला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत या विषयावर दोन पक्ष आहेत. लोणावळ्यात कोणाची चिक्की चांगली यावर जसा वाद होतो, तसाच हा वाद. ज्याने जी प्रथम खाल्ली, ती त्याच्या मते उत्तम! परंतु या वादाला थोडा इतिहासही आहे. फोटोशॉप १९९० साली निघाले, ते केवळ मॅकिंटॉशसाठी. विंडोजवर यावयास त्याला आणखी दोन-तीन वर्षे लागली. १९९९ साली आलेले ‘फायनल कट प्रो’ तर आजही ॲपलच्याच यंत्रांवर चालते. त्यामुळे ‘चित्रांचे काम म्हणजे मॅक’ ही समजूत रूढ झाली. आज फोटोशॉप आणि प्रीमियर दोन्हीकडे चालतात. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ लिनक्सवरही चालते आणि त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. तेव्हा केवळ कार्यक्रमासाठी यंत्र निवडण्याचे दिवस बहुतेकांपुरते संपले.

मग उरले काय? २०२० साली ॲपलने मॅकमध्ये स्वतःची चिप घातली, तेव्हापासून ती यंत्रे थंड राहतात आणि बॅटरीवरही जवळजवळ तितक्याच वेगाने चालतात. मावळात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा या गुणाला चैन म्हणता येणार नाही. मात्र मेमरी घेताना जेवढी घ्याल तेवढीच. ती मागाहून वाढवता येत नाही. विंडोजच्या टेबलावरच्या यंत्रात आज मेमरी, पुढच्या लग्नसराईत डिस्क, त्याच्या पुढल्या वर्षी ग्राफिक्स कार्ड, असा संसार हळूहळू थाटता येतो, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा तालुक्याच्या बाजारात सापडतो. वापरलेले यंत्र घेणाराने मात्र एक पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्यावर ११ चालत नाही, ते यंत्र स्वस्तातही महाग.

हे सर्व मी एखाद्या जाणत्या माणसासारखे सांगत होतो. पण माझे ज्ञान ठेच लागून आलेले आहे, आणि ती ठेच मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

पवन मावळात माझी मावशी राहत असे. जात्यावरच्या ओव्यांचे तिच्यापाशी भांडारच होते. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतील बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. घरच्या मावशीची आठवण मात्र मला उशिराच झाली. शेवटी भाच्याला घेऊन गेलो. सबंध दुपार ती जात्याशी बसून गात होती. भाच्याने ते सारे आपल्या मॅकसाठी तयार केलेल्या डिस्कवर भरून मला दिले.

मी ती डिस्क घरच्या विंडोजला जोडली. ‘ही वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे यंत्र म्हणाले. आज्ञाधारक माणसाप्रमाणे मी ‘हो’ दाबले. डिस्क रिकामी दिसली, तेव्हा मला वाटले, भाचा भरावयास विसरला असेल. म्हणून तिच्यावर स्नेहसंमेलनाची छायाचित्रेही भरून टाकली! वस्तुतः मॅकच्या डिस्कची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, एवढेच ते यंत्र सांगत होते. विंडोजची डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. ‘एक्सफॅट’ नावाची मांडणी तेवढी दोघांनाही चालते. हे मला कळले तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. त्या माघात मावशी गेली. भाच्याच्या मोबाईलवर चार मिनिटांचा तुकडा शिल्लक आहे, तेवढाच.

माझे सांगून झाल्यावर खोलीत कोणी बोलेना. मग मी विद्यार्थ्याला विचारले, “तुला काम कोण देतो?”

“तळेगावचे दोघे-तिघे, सर. सगळे विंडोजवर प्रीमियर वापरतात. अर्धवट काम माझ्याकडे पाठवतात, मी पुरे करून देतो.”

“आणि काम कुठे बसून करतोस?”

“घरीच.”

मग निर्णयास वेळ लागला नाही. ज्यांच्याशी रोजची देवघेव, त्यांच्याच वाटेने जावे. टेबलावरचे विंडोजचे यंत्र, वीज गेली तर काम जपून बंद करता येईल असा यूपीएस, आणि प्रत्येक लग्नाची मूळ चित्रे दोन ठिकाणी राहावीत म्हणून एक्सफॅटच्या दोन डिस्का. तो गावोगाव हिंडून एकट्याने काम करणारा असता, तर मी मॅक सांगितला असता. बेरीज झाली. ती पाहून त्याचे वडील म्हणाले, “म्हंजी एकच म्हस.”

दसऱ्याला यंत्र आले. परवा मुलगा डिस्क घेऊन घरी आला. मावशीचा चार मिनिटांचा तुकडा त्याने नीट करून आणला होता. “सर, नाव तेवढं तपासा,” तो म्हणाला. मागे आमच्या महाविद्यालयाच्या चित्रफितीत जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘मावळच्या दऱ्या’चे ‘मावळच्या दर्या’ झाले होते आणि मावळात समुद्र कधी आला, असे पोरांनी मला विचारले होते. ते त्याच्या लक्षात होते.

पडद्यावर अक्षरे आली, ‘दऱ्याखोऱ्यांतल्या ओव्या’. दोन्ही ‘ऱ्या’ जागच्या जागी होते. मग जात्याची घरघर सुरू झाली, आणि मी चष्मा पुसावयास घेतला.